प्रतीकांचे कोष्टक पाठ करून भागत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सर्वोच्च न्यायालयातील न्यायाधीशांच्या ग्रंथालयात न्यायदेवतेची नवी मूर्ती बसवल्याची बातमी ऑक्टोबर २०२४ मध्ये आली, तेव्हा डोळ्यांवरची पट्टी काढली हे योग्य की अयोग्य यावर भरपूर वाद झडला. गंमत अशी की पट्टीच्या बाजूचे आणि विरोधातले, दोघेही एकच गोष्ट धरून चालले होते : पट्टी म्हणजे निःपक्षपात, हा अर्थ पहिल्यापासून ठरलेला आहे. तो तसा नव्हता. १४९४ साली बाझल येथे छापलेल्या एका जर्मन उपहासकाव्यातल्या चित्रात एक विदूषक मागून येऊन न्यायदेवतेच्या डोळ्यांवर पट्टी बांधताना दिसतो. ती थट्टा होती. खटलेबाजांनी न्यायाला आंधळे करून टाकले आहे असे सांगणारी. पुढे सोळाव्या शतकात तीच पट्टी स्तुतीची झाली : समोर राव आहे की रंक, हे ही देवता पाहत नाही. पट्टी तीच, बांधलेली जागा तीच, अर्थ मात्र उलटा.

नव्या मूर्तीत पट्टी गेली, तलवारीच्या जागी संविधान आले, तराजू तेवढा राहिला. फेर्दिनां द सोस्यूर या भाषाशास्त्रज्ञाच्या व्याख्यानांवरून १९१६ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात नेमका हाच दाखला आहे : न्यायाचे प्रतीक असलेल्या तराजूच्या जागी दुसरे काहीही, समजा रथ, ठेवून चालणार नाही. तराजूला दोन पारडी असतात, मध्ये काटा असतो आणि वजन पडेल तिकडेच तो झुकतो. न्यायाकडून आपली अपेक्षाही तीच. पट्टीचे काम झाकण्याचे. झाकण्याचा अर्थ ‘भेद न करणे’ असा लागतो तसा ‘पाहायचेच टाळणे’ असाही लागतो. म्हणून पट्टीवर वाद होतो, तराजूवर होत नाही.

हे सविस्तर लिहिण्याचे कारण असे की प्रतीकांविषयी शाळा-महाविद्यालयांच्या मार्गदर्शक पुस्तिकांत आणि समाजमाध्यमांवर जे काही फिरत असते ते बहुतांशी कोष्टकाच्या रूपात असते. कबुतर म्हणजे शांती, लाल म्हणजे क्रांती, नदी म्हणजे जीवन, वादळ म्हणजे संकट, वाट म्हणजे आयुष्य. विद्यार्थी हे पाठ करतात, कवितेत ‘वाट’ दिसली की ‘आयुष्य’ लिहितात आणि त्यांना गुणही मिळतात. आमचे म्हणणे एवढेच आहे की प्रतीकाचा अर्थ वस्तूच्या पोटात साठवलेला नसतो. ती वस्तू कुठे ठेवली, कितव्यांदा आली, तिच्या शेजारी काय आहे आणि कोण कोणाला दाखवत आहे, यांवरून तो तयार होतो. या चारही गोष्टी तपासता येतात. म्हणजेच प्रतीकाचा अर्थ चुकूही शकतो. ‘ज्याला जसे वाटेल तसे’ ही पळवाट इथे चालत नाही.

आधी थोडी वर्गवारी हवी, कारण निम्मा घोळ तिथेच होतो. डोंगरावर धूर दिसला म्हणून तिथे आग आहे, हे ‘न्याय’ या जुन्या भारतीय तर्कशास्त्रातले अनुमानाचे ठरलेले उदाहरण. धूर हा आगीचा पुरावा आहे, प्रतीक नव्हे. कोणी ठरवो न ठरवो, तो आगीतून निघतोच. नकाशा किंवा रेखाचित्र साम्यामुळे कळते. आणि लाल दिवा लागला की थांबायचे, हे केवळ सर्वांनी मान्य केल्यामुळे कळते. अमेरिकी तत्त्वज्ञ चार्ल्स सँडर्स पर्स याने खुणांचे हे तीन प्रकार वेगळे केले : साम्याने चालणारी, कार्यकारण किंवा सान्निध्याने चालणारी आणि रूढीने चालणारी. साहित्यातले चांगले प्रतीक यांपैकी किमान दोन पायांवर उभे असते. तराजू साम्यानेही चालतो आणि रूढीनेही. नुसत्या रूढीवर उभे असलेले प्रतीक रूढी विरली की मुके होते. नुसत्या साम्यावर असलेले बहुधा साधी उपमा निघते.

आपल्याकडे याहून सूक्ष्म हत्यारे हजार वर्षांपूर्वीच घडवलेली आहेत आणि ती अभ्यासक्रमात फक्त व्याख्येपुरती उरावीत याचे वाईट वाटते. शब्दाचा सरळ अर्थ देणारी अभिधा, तो अडला की जवळच्या अर्थाकडे नेणारी लक्षणा आणि या दोहोंनंतरही उरणारे काही सुचवणारी व्यंजना. ‘गंगेवर वाडी आहे’ हे जुने उदाहरण. पाण्यावर वाडी वसत नाही, म्हणून ‘गंगेच्या काठावर’ ही लक्षणा. पण मग सरळ ‘काठावर’ का म्हटले नाही? गारवा आणि पावित्र्य सुचवायचे होते म्हणून, ती व्यंजना. प्रतीक ओळखण्याची पहिली कसोटी यातच आहे : सरळ शब्द हाताशी असताना लेखकाने तो टाळून ही वस्तू का घेतली?

अकराव्या शतकात मम्मट या काव्यशास्त्रकाराने ‘सूर्य मावळला’ या एवढ्याशा वाक्याचे किती अर्थ होतात ते दाखवले. सेनापतीला सांगितले तर आता हल्ला कर, मजुराला सांगितले तर काम थांबव, गुराख्याला सांगितले तर गुरे घराकडे वळव, प्रेमिकेला सांगितले तर भेटीची वेळ झाली. सूर्य एकच, मावळणेही एकच. कोष्टकात ‘सूर्यास्त म्हणजे अखेर’ असे लिहून ठेवणाऱ्याला यांतला एकही अर्थ सापडणार नाही.

त्याआधी नवव्या शतकात आनंदवर्धनाने ध्वनीची, म्हणजे काव्यातल्या सूचित अर्थाची, मांडणी केली, तेव्हा अगदी सुरुवातीला उदाहरण घेतले ते महाराष्ट्री प्राकृतातल्या एका गाथेचे, म्हणजे आपल्या भाषेच्या पूर्वजांच्या घरातले. एक स्त्री एका धार्मिक गृहस्थाला म्हणते : आता खुशाल फिर, तो कुत्रा आज मारला गेला, गोदाकाठच्या जाळीत राहणाऱ्या माजलेल्या सिंहाने मारला. शब्द परवानगी देतात, आशय मनाई करतो. कुत्र्याला भिणारा माणूस सिंहाच्या जाळीकडे फिरकेल कशाला? टीकाकार सांगतात की ती जागा तिच्या संकेतभेटीची आहे आणि हा फुले तोडायला तिथे येतो, ते तिला नको आहे. यात कुत्रा कशाचेही प्रतीक नाही, सिंहही नाही. अर्थ उभा राहतो तो बोलणारी कोण, ऐकणारा कोण आणि जागा कोणती यांवरून. प्रतीक शोधायला निघालेल्या अति उत्साही वाचकाने ही गाथा टेबलासमोर लावून ठेवावी. सिंह दिसला की ‘सत्ता’ लिहिण्याचा मोह आवरेल.

आता खऱ्याखुऱ्या प्रतीकाकडे येऊ. बालकवींची ‘औदुंबर’ ही आठ ओळींची कविता शाळेत बहुतेकांनी वाचलेली असते, आणि तिचा अर्थ काय यावर मराठी समीक्षेत पिढ्यान्‌पिढ्या मतभेद आहेत. कोणाला त्यात निव्वळ निसर्गचित्र दिसते, कोणाला विरक्त तपस्वी, कोणाला मृत्यूची छाया. यातले कोणते मत किती टिकते हे ठरवायला कवीच्या मनात शिरण्याची गरज नाही, कविता पुरेशी आहे.

प्रथम सरळ अर्थ लावावा, तोही घाई न करता. दोन्ही तटांवर हिरवळ घेऊन बेटांमधून वाहणारा निळासावळा झरा, पलीकडे टेकडीशी चार घरांचे गाव, पुढे शेतमळ्यांची हिरवी दाटी, त्यांतून आडवीतिडवी पडलेली पांढरी पायवाट, ती कुरणांतून निघाली आहे काळ्या डोहाकडे. आणि तिथे पाण्यात पाय टाकून बसलेला औदुंबर. मग क्रियापदे पाहावीत. झरा वाहतो, वाट चालते. आणि शेवटी औदुंबर बसतो. पहिल्या सहा ओळींतली सगळी हालचाल शेवटच्या दोन ओळींत थांबते. नंतर रंग पाहावेत : हिरवा, निळा, पांढरा असे येत येत सारे काळ्यात उतरते. माणसांनी पाडलेली एकच वस्तू चित्रात हलते आहे, ती म्हणजे पायवाट, आणि तिचा शेवट डोहात आहे. एवढी मांडणी हाती आल्यावर ‘निव्वळ निसर्गचित्र’ हे मत लंगडे पडते, कारण निव्वळ चित्राला इतक्या शिस्तीने काळ्याकडे जाण्याची गरज नसते.

यानंतर अदलाबदल करून पाहावी. ही कसोटी आम्हाला सर्वांत उपयोगी वाटते. डोह काळा न ठेवता नितळ केला तर मृत्यूचे सूचन मावळते. म्हणजे ‘काळा’ या शब्दावर बराच भार आहे. औदुंबराच्या जागी आंबा ठेवला तर चित्र बिघडत नाही, पण तपस्वी नाहीसा होतो. औदुंबराशी दत्त आणि विरक्ती यांचा जो जुना संबंध मराठी वाचकाच्या मनात आहे तोच हरवतो. म्हणजे झाडाची जातही महत्त्वाची. आणि आता विरुद्ध पुरावा शोधावा, जो बहुतेक जण शोधत नाहीत. मृत्यूचा अर्थ पक्का करायचा तर पाण्यावर पसरलेल्या काळिम्याला कवीने ‘गोड’ का म्हटले? या एका विशेषणाने भीतीचा अर्थ अडतो. मृत्यू म्हणायचेच असेल तर भय नसलेला मृत्यू म्हणावे लागते, किंवा मृत्यू सोडून शांत निवृत्ती म्हणावी लागते. दोन्ही अर्थ उभे राहतात, तिसरा, भीतीचा, सहज पडतो. कवितेतल्या प्रतीकाचे काम इतके करावे आणि तिथे थांबावे. दोन्हींतला एक निवडण्याचा हट्ट धरला की कविता लहान होते.

कथा-कादंबरीत ही तपासणी थोडी कष्टाची असते, कारण वस्तू पानोपानी विखुरलेली असते. पेन्सिल घेऊन ती प्रत्येक ठिकाणी खुणावावी लागते. एकदाच आलेली वस्तू सहसा तपशील असते. ती आरंभी, कलाटणीच्या जागी आणि शेवटाजवळ आली, आणि प्रत्येक वेळी तिच्यात किंवा तिच्याकडे पाहण्यात काही बदलले, तर ती प्रतीक होण्याच्या वाटेवर आहे. मग आपल्याला सुचलेला अर्थ एका पूर्ण वाक्यात लिहावा. ‘चावी म्हणजे स्वातंत्र्य’ हे पूर्ण वाक्य नाही. ‘जे घर आता आपले नाही त्यावरचा हक्क ती सोडू शकत नाही’ हे आहे. असे वाक्य खुणावलेल्या प्रत्येक जागी लावून पाहावे. दोन जागी बसले आणि तिसऱ्या जागी अडले तर वाक्य बदलावे, तिसरी जागा डोळ्यांआड करू नये.

‘पण लेखकाला खरेच हे म्हणायचे होते का?’ हा प्रश्न नेहमी येतो. तो वाईट नाही, पण निरुपयोगी आहे. लेखकाला काय म्हणायचे होते याचे पुरावे क्वचित मिळतात आणि मिळाले तरी तो आपल्याच लेखनाचा एक वाचक असतो. छापलेल्या मजकुरात जे घडते आहे ते मात्र सर्वांसमोर असते.

लिहिणाऱ्यांसाठीही यातून काही निघते. समजा, कथेत एका बाईजवळ विकलेल्या घराची चावी आहे. पहिल्या वेळी ती वस्तू म्हणूनच आली पाहिजे : पाकिटात सुटे पैसे शोधताना हाताला लागते, ती बाजूला सारते, वाक्य पुढे जाते. वाचकाने तिची दखल घेतली नाही तरी चालेल, त्याच्या नजरेखालून ती गेली म्हणजे झाले. दुसऱ्या वेळी तिच्यामुळे काहीतरी घडावे. जुडग्यातून ती काढून टाक असे कोणी सहज सुचवतो आणि ती विषय बदलते. तिसऱ्या वेळी तिचा उपयोग बदलावा; पार्सलची चिकटपट्टी फाडायला ती तीच चावी वापरते. तीनदा पुरे. पाचदा आली की वाचक लेखकाची खटपट पाहू लागतो. आणि सर्वांत मोठा अपघात होतो तो या तिन्हींनंतर येणाऱ्या अशा वाक्याने : ‘ती चावी म्हणजे जणू तिच्या हरवलेल्या दिवसांचा दुवाच होता.’ हे लिहिले की आधीच्या तीन जागा वाया जातात, कारण वाचकाने स्वतः जोडायचा सांधा लेखकाने त्याच्या हातून काढून घेतलेला असतो. संपादन करताना ‘म्हणजे जणू’, ‘जसे काही’, ‘तिला वाटले की हे सारे’ अशा जागी नजर ठेवावी; समजावून सांगणारे प्रतीक बहुधा तिथेच सापडते. नायक दुःखी झाला की पाऊस, नाते तुटले की आरसा तडकणे, यांविषयी बोलायला नको. ती वस्तू कथेतल्या कामाने तिथे आलेली नसते, तिला बोलावणे धाडलेले असते, आणि ते दिसते.

साहित्य असे एकाहून अधिक अर्थ सांभाळत चालते. रोजच्या सार्वजनिक जीवनात मात्र खुणेला एकच अर्थ हवा असतो, आणि तो मिळवणे भयंकर अवघड आहे. एकोणिसाव्या शतकात रेल्वेच्या रात्रीच्या दिव्यांचा संकेत असा असे : तांबडा म्हणजे थांबा, हिरवा म्हणजे सावध, पांढरा म्हणजे मार्ग मोकळा. दोष असा की तांबडी काच फुटून पडली की मागचा दिवा पांढरा दिसे. जिथे थांबायचे तिथेच ‘मोकळा’ असा इशारा मिळे. शिवाय रुळांजवळच्या घरांतले साधे दिवेही सिग्नल वाटत. म्हणून पांढरा काढला, हिरव्याला ‘मोकळा’ केले, आणि ‘सावध’साठी पुढे पिवळा आला. हिरव्याचा आजचा अर्थ निसर्गाने दिलेला नाही, तो असा दुरुस्तीतून आला आहे. अमेरिकेत रस्त्यावरची ‘थांबा’ची पाटीसुद्धा १९५४ पर्यंत पिवळी होती, कारण न विटणारा, रात्री नीट उजळणारा लाल थर त्या काळी सहज मिळत नव्हता. लाल म्हणजे धोका हे सर्वत्र आणि सर्वकाळ खरे आहे असे ठणकावून सांगणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.

कवटी आणि दोन हाडे, ही विषाची खूण. यापेक्षा उघड काही असेल? पण १९७१ साली पिट्सबर्गच्या मुलांच्या रुग्णालयातील विषबाधा केंद्राला हाच प्रश्न पडला. मुलांना कवटी म्हटले की समुद्री चाचे आणि साहस आठवते, त्यात त्या शहराच्या बेसबॉल संघाचे नावच चाचे. मग मुलांनाच निवडायला सांगून हिरव्या रंगाचा, जीभ बाहेर काढलेला ओकारीचा चेहरा तयार झाला. खूण कोणासाठी, हे आधी ठरवले नाही तर मोठ्यांची भीती मुलांचे कुतूहल होऊन बसते.

किरणोत्साराची तीन पाकळ्यांची खूण १९४६ साली बर्कली येथील प्रयोगशाळेत जन्मली. शिकलेल्याला ती धोक्याची, न शिकलेल्याला ती पंख्याची किंवा फुलाची. १९८७ साली ब्राझीलमधल्या गोयानिया शहरात सोडून दिलेल्या उपचारकेंद्रातले किरणोपचाराचे यंत्र भंगारात फोडले गेले. आतली निळसर चकाकणारी पूड लोकांनी कौतुकाने घरोघरी नेली. चौघे दगावले. इथे चकाकी ही पुराव्याची खूण होती, लोकांनी ती शोभा म्हणून वाचली. भंगारात गेलेल्या किरणोत्साराच्या उगमांपासून होणारे असे अपघात टाळावेत म्हणून २००७ मध्ये नवी खूण आली : लाल त्रिकोणात वरून येणाऱ्या लहरी, कवटी आणि पळणारा माणूस. अकरा देशांतल्या १,६५० लोकांवर ती तपासून घेतली होती. त्याहून महत्त्वाचा निर्णय जागेचा. ही खूण दारावर किंवा वाहतुकीच्या पेटीवर लावायची नाही. यंत्राच्या आत, उगमाजवळ, कोणी ते उघडायला लागला तरच दिसेल अशी लावायची. बाहेर लावली असती तर रोज पाहून ती दिसेनाशी झाली असती.

जैविक धोक्याची खूण याच्या नेमकी उलट पद्धतीने घडली. १९६६ मध्ये ती करणाऱ्यांनी मुद्दाम अशी आकृती शोधली जी लक्षात राहील पण जिला आधीचा काहीच अर्थ नसेल. लोकांना अनेक चिन्हे दाखवून अर्थ विचारले. आठवड्याने पुन्हा दाखवून कोणती आठवतात ते पाहिले. जिचा अर्थ सर्वांत कमी जणांना सुचला आणि जी सर्वांत अधिक जणांच्या लक्षात राहिली ती निवडली. शिवाय ती कोणत्याही बाजूने सारखी दिसावी ही अट होती, कारण पेटी उलटी पडू शकते.

अशा खुणा तपासण्याचे अमेरिकी प्रमाण असे आहे की निदान ८५ टक्के लोकांना अर्थ बरोबर कळावा आणि उलटा अर्थ काढणारे ५ टक्क्यांहून अधिक नसावेत. दुसरी अट आम्हाला अधिक शहाणपणाची वाटते. न कळणे परवडते. ‘येथे जाऊ नका’चे ‘येथून जा’ असे वाचले जाणे परवडत नाही.

बाणाची खूण तरी सार्वत्रिक असेल, असे वाटते. १९७२ मध्ये पायोनियर–१० यानावर परग्रहावरच्या कोणासाठी म्हणून जो पत्रा बसवला त्यावर यानाचा मार्ग बाणाने दाखवला होता. कलेतिहासकार अर्न्स्ट गोम्ब्रिख यांनी त्याच वर्षी आक्षेप घेतला : ज्यांच्या इतिहासात धनुष्यबाण नाही त्यांना बाणाचे टोक म्हणजे दिशा हे कळणार कसे?

तांबड्या क्रूसाची (रेड क्रॉसची) गोष्ट अर्थ कोण ठरवतो हे सांगते. १८६४ च्या जिनिव्हा कराराने युद्धातल्या जखमींच्या शुश्रूषेची खूण म्हणून तो स्वीकारला. स्वित्झर्लंडच्या ध्वजाचे रंग उलटे केलेले ते चिन्ह, धर्माशी संबंध अभिप्रेत नव्हता. पण १८७६ मध्ये ऑटोमन साम्राज्याने कळवले की आपल्या सैनिकांना तो क्रूस खटकतो, आणि तांबडी चंद्रकोर वापरात आली. २००५ मध्ये तिसरे, कोणत्याच धर्माशी न जोडता येणारे तांबड्या स्फटिकाचे चिन्ह मान्य झाले. खूण करणाऱ्याचा हेतू कितीही स्वच्छ असो, पाहणाऱ्याच्या डोळ्यांत आधीच काही असते.

रोजच्या संवादातही याच कसोट्या चालतात, आणि न्यायालयातही. कॅनडाच्या सस्कॅचवान प्रांतात धान्यखरेदीदाराने जवसाच्या कराराचे छायाचित्र पाठवून तो नक्की करायला सांगितले; शेतकऱ्याने उत्तरादाखल फक्त अंगठ्याचे इमोजी धाडले आणि पुढे माल दिला नाही. त्याचे म्हणणे, अंगठा म्हणजे ‘निरोप पोचला’ एवढेच. २०२३ मध्ये न्यायालयाने अंगठा म्हणजे होकार धरला आणि ८२ हजार कॅनेडियन डॉलरहून अधिक भरपाई द्यायला लावली. निकालाला आधार झाला तो दोघांचा मागचा व्यवहार : पूर्वीचे करार त्याने अशाच तुटक शब्दांत, ‘ठीक’, ‘हो’ असे म्हणून पक्के केले होते आणि मालही दिला होता. मागच्या जागा खुणावून या जागेचा अर्थ लावणे, कथेत आपण करतो तेच.

माणसामाणसांत मात्र सर्वांत जास्त नुकसान होते ते पुराव्याला प्रतीक समजल्याने. समोरचा गप्प आहे ही बहुधा थकव्याची खूण असते, धुरासारखी; आपण ती रुसव्याचा संदेश म्हणून वाचतो. भेदाची एक सोपी परीक्षा आहे. ही कृती आपण पाहत नसतो तरी घडली असती का? घडली असती तर ती आपल्याला उद्देशून नाही. मुद्दाम रिकामी ठेवलेली खुर्ची, काढून ठेवलेली अंगठी, न घेतलेला हात, या पाहणाऱ्यासाठी केलेल्या कृती आहेत, तिथे अर्थ शोधावा. आणि अशा कृतीत करणाऱ्याचे काय गेले हेही पाहावे. फुकट मिळणारी खूण सर्वांनाच परवडते, म्हणून तिच्यावरून फारसे कळत नाही.

आता दोन विनंत्या. प्रश्नपत्रिका काढणाऱ्यांनी ‘पुढील प्रतीकाचा अर्थ सांगा’ हा प्रश्न काही काळ बाजूला ठेवावा. त्याऐवजी ‘ही वस्तू पहिल्यांदा येते तेव्हा आणि शेवटी येते तेव्हा काय बदलले आहे’ किंवा ‘हिच्या जागी दुसरी वस्तू ठेवली तर काय जाईल’ असे विचारावे. मार्गदर्शकातून त्याचे उत्तर उचलता येत नाही.

दुसरी विनंती वृत्तपत्रांना. आरोग्यविषयक मजकुराशेजारी शोभेसाठी तांबडा क्रूस छापण्याची सवय सोडावी. १९४९ च्या पहिल्या जिनिव्हा कराराच्या ४४ व्या आणि ५३ व्या कलमांनी त्याचा वापर मर्यादित केला आहे, कारण रणांगणावर ‘इकडे गोळी झाडू नका’ एवढाच त्याचा अर्थ राहायला हवा. औषधांच्या दुकानापासून जाहिरातीपर्यंत सगळीकडे दिसला की तो पुसट होतो. प्रथमोपचारासाठी हिरव्या चौकोनात पांढरा क्रूस ही आंतरराष्ट्रीय खूण उपलब्ध आहे. वैद्यकासाठी काठीला वेटोळे घातलेला साप घ्यावा. मात्र साप एकच आणि काठीला पंख नकोत, कारण दोन साप आणि पंख असलेला दंड ग्रीकांच्या व्यापारदेवाचा आहे.

कळावे,
आपले,
साहित्य आणि भाषा शिकवणारे काही वाचक